राखराणीचा डावा सुळा

माणूस भेटला की लोक त्याचे डोळे बघतात, कपडे बघतात, काही जण पायातले बूट बघतात. मी दात बघतो. यात माझा काही दोष नाही. बावीस वर्षं मी दातांच्या लॅबमध्ये कामाला आहे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप घेऊन आमच्याकडे पाठवतात, आम्ही त्यात प्लास्टर ओतून तसाच जबडा बनवतो आणि त्यावर कवळ्या, कॅपा, पडलेल्या दातांच्या जागी नवे दात तयार करतो. माझ्या टेबलावर रोज आठ-दहा जबडे ओळीने हसत बसलेले असतात. त्यांच्या मालकांपैकी एकालाही मी ओळखत नाही, पण त्यातला कोण झोपेत दात खातो आणि कोण एकाच बाजूने चावतो, हे मी सांगू शकतो.

हे सगळं आधी सांगून टाकलं, कारण मला लिहायचं आहे माझ्या मुलीबद्दल, आणि तिची गोष्ट सांगताना दात मध्ये येणारच. लेकीचं कौतुक बापाने करू नये म्हणतात. कोण म्हणतं कुणास ठाऊक. ज्याला लेक नसेल तो म्हणत असेल.

ती जन्मली तेव्हा तिच्या तोंडात एकही दात नव्हता आणि तरीही ती मला आवडली. बायको म्हणते, याच्याहून निखळ प्रेम मी आयुष्यात कुणावर केलेलं नाही. आठव्या महिन्यापासून ती बोटाने हुकूम सोडायला लागली. हे आण, ते उचल, मला तिकडे ने. तेव्हापासून घरात मी तिला मॅडम म्हणतो. आता ती चौदा वर्षांची आहे. हुकूम कमी झालेत, मॅडम कायम आहे.

मुलं वाढवणं म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, दुसऱ्याच्या आवडीचे कार्यक्रम बघत म्हातारं होणं. तीन वर्षांची असताना तिला एका बोलणाऱ्या सशाचं वेड लागलं. तो ससा सकाळी, दुपारी, जेवताना आणि आंघोळीनंतर, असा दिवसातून चार वेळा आमच्या घरी यायचा. चित्रकाराने त्याला समोर चार दात दिले होते, चारही एका मापाचे, मधे फट नाही. मी एकदा सहज म्हणालो, "हा ससा नाही, ही कवळी लावलेली म्हातारी आहे." मॅडमनी जे भोकाड पसरलं ते शेजारचे विचारायला आले तेव्हाच थांबलं. कलाकृतीवर मत देण्याची माझी ती पहिली वेळ होती आणि प्रेक्षकांना ते पटलं नव्हतं.

पुढे तिला माझी मतं आवडायला लागली. एका मालिकेत हजार वर्षं गुहेत कोंडलेला एक राजपुत्र सुटून बाहेर येतो, दाढी गुडघ्यापर्यंत, नखं वीतभर, आणि हसला की दात असे, की आदल्या दिवशी साफ करून घेतलेत. मी म्हणायचो, "गुहेत डॉक्टर होता वाटतं." ती खिदळायची. एकदा आम्ही युद्धाचा सिनेमा बघायला गेलो. जुना काळ, चिखल, रक्त, एक सैनिक मरता मरता आईचं नाव घेतो. सगळं थिएटर रडतंय. मी तिच्या कानात म्हटलं, "याला आईपेक्षा डॉक्टरची आठवण यायला हवी. वरचे पुढचे आठही दात बसवलेले आहेत." ती इतकी हसली की मांडीवरचे पॉपकॉर्न पुढच्या बाईंच्या केसांत गेले. त्या बाई वळून आमच्याकडे जे बघत राहिल्या, ते सैनिकाचा अंत्यविधी होईपर्यंत.

दहाव्या वर्षी घरात नऊ मुलं आली. म्हणजे भिंतीवर. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा देशातला गाणाऱ्या पोरांचा तो ग्रुप होता. नऊ जण, नऊ जणांचे केस कपाळावर, नऊ जण एकाच वेळी उडी मारणार. बायकोला त्यातला एकही ओळखता येत नसे. मला तीन दिवसांत सगळे यायला लागले. डावीकडून तिसरा, वरचे पुढचे सहा दात करून घेतलेले, काम छान, पण रंग एक नंबर जास्त पांढरा. पाचव्याची खालची रांग दाटलेली. आठवा नखं कुरतडतो, कडा झिजल्यात. मॅडमनी ही बातमी शाळेत पसरवली आणि एका शनिवारी तिच्या सहा मैत्रिणी माझी परीक्षा घ्यायला आल्या. त्यांनी पोस्टरवरचे सगळे चेहरे नाकापर्यंत कागदाने झाकले, फक्त तोंडं उघडी ठेवली. मी नऊपैकी नऊ सांगितले, वर आठव्याला नखं न खाण्याचा निरोपही दिला. त्या पोरी किंचाळल्या. एक म्हणाली, "तुझे बाबा कसले भारी आहेत!" आणि आमच्या मॅडमनी मान अशी ताठ केली की काय सांगू. लॅबमध्ये सोमवारी मी हे सगळ्यांना दोनदा सांगितलं. मंगळवारी परत सांगायला गेलो तर पॉलिशच्या मशीनवर बसणाऱ्या ताई म्हणाल्या, "दादा, नऊपैकी नऊ ना? कळलं."

मग तिला बारावं लागलं आणि डावा सुळा आला.

सुळा म्हणजे पुढच्या चार दातांच्या शेजारचा टोकदार दात. तिचा उजवा सुळा शहाण्यासारखा आपल्या जागी उगवला. डावा वरून, शेजारच्या दाताच्या डोक्यावर, बाहेरच्या बाजूला तिरका होऊन आला. दातावर दात म्हणतात तसा. हे काही आक्रीत नव्हे, दहा घरांत दोन-तीन मुलांना असतं. पण सुताराच्या घरातला दरवाजा करकरला की सुताराला झोप लागत नाही, तसं माझं झालं. "काळजी नको, तार लावू," मी पहिल्याच दिवशी म्हणालो. मग रोजच म्हणायला लागलो. जेवताना म्हणायचो, "जरा आ कर." फोटो काढताना म्हणायचो, "अशी वळ, तो दात दिसतोय." ती काही सांगायला आली की माझे डोळे तिच्या डोळ्यांवर असायचे, पण दोन इंच खाली घसरायचे. ती तार नको म्हणाली. का, ते सांगितलं नाही. दोनदा वाद झाला, तिसऱ्या वेळी ती रडली. बायको म्हणाली, "अहो, सोडा आता." मी सोडलं. निदान मला तसं वाटत होतं.

त्या वर्षभरात आमची मॅडम मिटत गेली. बोलताना तोंडावर हात, हसताना तर दोन्ही हात. पालकांच्या बैठकीत तिच्या वर्गशिक्षिका म्हणाल्या, "पूर्वी प्रश्न विचारायच्या आधी हिचा हात वर असायचा. आता वर्ष झालं, वर आलेला नाही. तोंडी परीक्षेत उभी राहिली आणि एक शब्द बोलली नाही. मला शून्य द्यावे लागले, आणि हिला उत्तर येत होतं, हे मला माहीत आहे." घरी येताना मी बायकोला म्हणालो, "बघ, मी सांगत नव्हतो? तार लावायलाच हवी होती." तिने फक्त पिशवी दुसऱ्या हातात घेतली. ती औषधांच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांना कुठली गोळी कधी घ्यायची ते सांगते, त्यामुळे घरी ती मात्रा राखून बोलते.

याच सुमारास टीव्हीवर राखराणी आली. ती चित्रांची मालिका होती, पण लहान मुलांची नव्हे. एक शहर जळून खाक झालेलं, आणि त्याची राणी अर्धी माणूस, अर्धी राक्षसीण. राखाडी झगा, राखाडी केस, तोंडात दोन सुळे. मॅडम ती मालिका दार लावून बघायची. मी एकदा दारातून डोकावलो आणि परत फिरलो. चित्रातल्या माणसांना दात नसतात, एक पांढरी पट्टी असते. तिथे माझ्या धंद्याला बोलायला जागाच नाही, असं मी ठरवून टाकलं.

एके दिवशी बायकोने सांगितलं, की या मालिका बघणारी सगळी पोरं वर्षातून एकदा नगर सभागृहात जमतात. आवडत्या पात्राचा वेश करून यायचं, स्टेजवर जायचं आणि त्या पात्राचे संवाद दोन मिनिटं म्हणायचे. सहाशे लोक बघायला असतात. "हिने नाव दिलंय," ती म्हणाली.

"आपल्या हिने?"

"आपल्या हिने."

"वर्गात चाळीस पोरांसमोर बोलत नाही ती?"

"म्हणून तर," बायको म्हणाली. "तिथे तिने तोंड उघडलं तर सगळीकडे उघडेल. आणि तिथूनही मुकी परत आली, तर मला खरंच कळत नाही पुढे काय करायचं ते." हे तिने भांडी पुसत, माझ्याकडे न बघता सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम माझ्या खुर्चीजवळ येऊन उभी राहिली. तोंडावर हात होताच. "बाबा," ती म्हणाली, "मला राखराणीचे सुळे करून देशील?"

दोन वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. दुसरा कुठला बाप असता तर दुकानात जाऊन प्लास्टिकचे दात घेऊन आला असता. माझ्याकडे ती माझं काम मागत होती. मी पंधरा मिनिटांत डॉक्टरांकडून माप घ्यायचं सगळं सामान आणलं, आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर तिच्या जबड्याचं माप घेतलं. गुलाबी लगदा तोंडात धरून ती दोन मिनिटं डोळे वटारून बसली होती. मग तिने मला राखराणीचं एक मोठं छापलेलं चित्र दिलं. राणी ओरडतेय, तोंड उघडं, दोन्ही सुळे स्पष्ट. "अगदी असेच," ती म्हणाली.

"अगदी असेच," मी म्हणालो.

आठ दिवस मी जेवणाच्या सुट्टीत ते काम केलं. चित्र समोर लावलं होतं. उजवा सुळा सरळ, लांब, रुबाबदार. डावा मात्र वर चढलेला आणि बाहेर झुकलेला. मला चित्रकाराची कीव आली. घाईत असणार बिचारा, दोन बाजूंचं माप जुळवलेलं नाही. अशा चुका आमच्याकडे नवीन लागलेली माणसं करतात आणि आम्ही त्यांना न बोलता नीट करून देतो. तसाच मी राणीचा डावा सुळा नीट करून दिला. मॅडमच्या वाकड्या दातावर बाहेरून असा काही थर चढवला, की खाली तो आहे हे मलाही शोधून सापडलं नसतं. रंग जुन्या हस्तिदंताचा ठेवला, टोकाला जरासा धुराचा. बोलताना जीभ अडू नये म्हणून आतली बाजू कागदासारखी पातळ केली. पॉलिशवाल्या ताईंनी ते दिव्याखाली धरले आणि म्हणाल्या, "दादा, डॉक्टरांनी बघितले तर स्वतःसाठी मागतील." मला तरंगत घरी गेल्यासारखं आठवतं.

शुक्रवारी संध्याकाळी मी तिला डबी दिली. तिने सुळे लावले आणि पॅसेजमधल्या आरशासमोर गेली. मी मागे उभा, हात पाठीशी बांधून, कौतुकाची वाट बघत. बराच वेळ ती आरशात बघत राहिली. मग म्हणाली, "छान आहेत." सुळे काढले, धुतले, पुसले, डबीत ठेवले आणि डबी माझ्या हातात दिली.

शनिवारी सकाळी तिने आईला सांगितलं, की ती नाव मागे घेणार आहे.

मी चिडलो. लपवून काय करायचं, चांगलाच चिडलो. आठ दिवसांच्या सुट्ट्या, उपाशी पोट, असलं काम कुणाच्या बापाने करून दिलं असतं, आजकालच्या पोरांना कशाची म्हणून किंमत नाही. चिडलेल्या बापाचे संवाद सगळ्या घरांत सारखेच असतात, तेव्हा सगळे लिहीत नाही. तिने ते पूर्ण ऐकून घेतले. मग म्हणाली, "बाबा, तू चित्र नीट बघितलं होतंस?"

"बघितलं म्हणजे! आठ दिवस समोर होतं. त्यात डावा सुळा चुकलाय. मी तो दुरुस्त केला."

"तो चुकलेला नाही," ती म्हणाली. "ती तशीच आहे." आणि हात तोंडावर ठेवून म्हणाली, "तुला माझा पण चुकलेलाच वाटतो ना?"

ती आत गेली. मी तिथेच उभा होतो. बायको दारात होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"शाळेत कुणी काही बोललं असेल तिला," मी म्हणालो. "त्यामुळे मनाला लावून घेते."

"अहो, शाळेत कुणी काही बोललेलं नाही," बायको म्हणाली. "मी विचारलंय तिच्या मैत्रिणींना. ती तोंडावर हात धरायला लागली ती इथे. जेवायच्या टेबलावर. तुमच्यासमोर."

कानाखाली वाजली असती तरी चाललं असतं. मी आठवायला लागलो आणि एकेक आठवत गेलं. जरा आ कर. अशी वळ. तो दात दिसतोय. तिने आयुष्यात मला काय काय सांगायचा प्रयत्न केला असेल, आणि मी समोर बसून फक्त मोजमाप घेत होतो. लोकांच्या तुटक्या तोंडांना हसू देणारा माणूस म्हणून मी मनातल्या मनात स्वतःला शाबासकी द्यायचो. घरातलं होतं नव्हतं ते हसू मीच घालवलं होतं. मला माझी लाज वाटली.

रविवारी सकाळी मी टीव्ही लावला आणि राखराणी पहिल्या भागापासून बघायला बसलो. बायकोने चहा आणून ठेवला. पहिल्या दोन भागांत कोण कुणाच्या बाजूने लढतंय ते मला कळेना. तिसऱ्यापासून मी पुढे सरकून बसलो. पाचव्यात माझा चहा गार झाला. सहाव्या भागात दरबाराचा वैद्य राणीकडे येतो, हातात कानस. म्हणतो, महाराणी, बाकी तुम्ही शोभता, तेवढा डावा दात घासून सरळ करून देतो. सगळा दरबार माना डोलावतो. आणि राणी उठते, त्याच्याजवळ जाते आणि म्हणते, "वैद्यराज, हा दात वाकडा नाही. तो पुढे आला आहे. आमच्या घराण्यात मागे राहायची सवय कुणालाच नाही." मी टीव्ही बंद केला.

मॅडम आतल्या खोलीत शाळेच्या गणवेशाला इस्त्री करत होती. मी दारात उभा राहिलो.

"सहावा भाग बघितला," मी म्हणालो.

इस्त्री थांबली. "कुठपर्यंत?"

"वैद्यापर्यंत."

"मग?"

"वैद्य गाढव आहे."

तिने इस्त्री उभी करून ठेवली.

"बावीस वर्षं एकाच लॅबमध्ये काम करतो," मी म्हणालो, "डोकं ठिकाणावर राहत नाही त्याचं. मॅडम, माझं चुकलं. सुळ्याचंही चुकलं आणि दोन वर्षांचंही चुकलं. तुझा दात बघण्याच्या नादात मी तू काय बोलतेस ते ऐकलंच नाही. तार लावायची की नाही ते तू ठरव. आज ठरव, नाहीतर तीस वर्षांची झाल्यावर ठरव. मी विषय काढणार नाही."

ती बराच वेळ गणवेशाची बाही सरळ करत राहिली. मग म्हणाली, "नाव अजून मागे घेतलेलं नाही. फोन करायचा होता, पण केला नाही."

"कार्यक्रम कधी आहे?"

"पुढच्या रविवारी."

सोमवारी मी नवे सुळे करायला बसलो. उजवा तासाभरात झाला. डावा वाकडा करायचा होता आणि हात ऐकेना. मेणाचा दात तिरका लावायचो, शेजारच्या माणसाशी दोन शब्द बोलायचो, की तेवढ्यात अंगठ्याने त्याला सरळ केलेलं असायचं. एकदा जमत आला तर पॉलिशवाल्या ताई मागून म्हणाल्या, "दादा, हा डावीकडचा तिरका जातोय हं," आणि मदत म्हणून त्यांनीच तो सरळ केला. तीन वेळा केला, तीन वेळा मोडला. शेवटी मेण बाजूला ठेवलं, तिच्या जबड्याचं प्लास्टर हातात घेतलं आणि तो डावा दात पहिल्यांदाच, काय दुरुस्त करायचं याचा विचार न करता बघितला. धारदार होता. थोडा उद्धट. चित्राशेजारी धरला तर चित्रातला आणि हा, दोघं भावंडं शोभली असती. मला करण्यासारखं तिथे काहीच नव्हतं.

बुधवारी मी तिला डबी दिली. तिने उघडली. "एकच?"

"उजवा आहे," मी म्हणालो. "डाव्याला काय लावायचं? तुझा आहे ना."

ती डबीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, आणि मी तिच्या डोळ्यांकडेच बघत होतो. डबी घेऊन ती पॅसेजमध्ये गेली. मग तिथून अशी एक डरकाळी आली की खालच्या मजल्यावरच्या काकांनी वर फोन करून विचारलं, सगळं ठीक आहे ना.

रविवारी सकाळी आम्ही तिघं सभागृहात पोचलो. बाहेरच्या पॅसेजमध्ये जे दिसलं त्याला तोड नाही. जमिनीवर बसलेली पोरं मोबाइलवर होती आणि त्यांचे बाप भिंतीला टेकून कुणी पंख धरून, कुणी तलवारी, कुणी शेपट्या सांभाळत उभे होते. एक रोबो दारात अडकला होता, त्याला दोन बाप ढकलत होते आणि आई ओरडत होती, "रंग जाईल, रंग जाईल!" माझ्या हातात राखाडी झगा होता, आमच्या जुन्या पडद्यांचा. मला त्या गर्दीत एकदम घरच्यासारखं वाटलं.

मग एकेक जण स्टेजवर यायला लागला. रक्त पिणारे सहा, लांडगे चार, एक ड्रॅगन. सगळ्यांच्या तोंडात दुकानातले प्लास्टिकचे दात. तोंड मिटत नव्हतं, लाळ गळत होती, आणि धमक्या अशा ऐकू येत होत्या की जणू गरम बटाटा तोंडात धरून कुणी बोलतंय. मी बायकोला म्हणालो, "यांना घाबरायचं की रुमाल द्यायचा?" ती हसली नाही. ती माझा हात घट्ट धरून बसली होती. एकतिसावं नाव आमचं होतं.

मॅडम आली. राखाडी झगा, टोपी डोळ्यांवर ओढलेली. माइकसमोर उभी राहिली आणि उभीच राहिली. एक सेकंद, दोन, चार. मागे कुणीतरी खोकलं. मला वर्गशिक्षिकांनी दिलेलं ते शून्य दिसायला लागलं. तिचा हात वर उचलला गेला, तोंडाच्या दिशेने आला, आणि बायकोची नखं माझ्या मनगटात रुतली. हात तोंडापाशी थांबला नाही. आणखी वर गेला, आणि तिने टोपी मागे ढकलली.

"वैद्यराज," ती म्हणाली, "हा दात वाकडा नाही."

सहाशे माणसांना शेवटच्या रांगेपर्यंत प्रत्येक शब्द ऐकू गेला. मला वाटतं तो आवाज गेली दोन वर्षं आमच्याच घरात कुठेतरी दाबून ठेवलेला होता. तो मोठा होऊन बाहेर आला होता. दोन मिनिटं ती स्टेजवर फिरली, दरबाऱ्यांना फैलावर घेतलं, स्टेजच्या पायऱ्यांवर उभ्या एका लांडग्याकडे नुसतं बघितलं तर तो बिचारा एक पायरी खाली उतरला. घराण्याचं वाक्य आलं तेव्हा तिने ते माझ्याकडे बघून म्हटलं. सभागृहात अंधार होता, तिला मी दिसलो असणं शक्य नाही. पण बघितलं माझ्याकडेच.

परीक्षकांमध्ये निळा विग घातलेल्या एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, "दात अप्रतिम आहेत. दोन्ही कुठून करून घेतलेस?"

"उजवा खोटा आहे," मॅडम माइकमध्ये म्हणाली. "तो माझ्या बाबांनी केलाय. डावा माझा आहे." आणि सगळ्यांना नीट दिसावा म्हणून तिने बोटाने ओठ वर उचलला आणि हसली.

काय टाळ्या पडल्या! शिट्ट्या आल्या. ड्रॅगनने शेपटी आपटली. बक्षीस शेवटी त्या दारात अडकलेल्या रोबोला मिळालं, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मी रडत होतो आणि बायकोही रडत होती, आणि आम्ही एकमेकांना रुमाल देत होतो.

माझ्या पलीकडे एका लांडग्याचे वडील बसले होते, मांडीवर पोराची शेपटी. ते माझ्याकडे झुकले. "ते बाबा म्हणजे तुम्हीच? अहो, तो उजवा दात इथून बघूनसुद्धा खरा वाटतो. काय काम केलंय तुम्ही!"

बावीस वर्षांत लॅबबाहेरच्या कुणी माझ्या कामाला समोरून चांगलं म्हटलेलं नाही. ज्यांच्या तोंडात ते असतं त्यांना मी माहीत नसतो. एरवी मी त्या गृहस्थांना रंग, पॉलिश, पातळ केलेली आतली बाजू, सगळं ऐकवल्याशिवाय उठू दिलं नसतं.

"उजव्याचं राहू द्या हो," मी म्हणालो. "डावा बघा."